फॉन्टची फाइल उघडायची, दुरुस्त करायची, बदलायची कशी? डीटीपीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

लातूरच्या क्लासेसच्या नोट्स टाइप करणारे, नांदेडचे फ्लेक्सवाले, बीड-परभणीच्या कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट, लग्नपत्रिकांचे छापखाने: सगळीकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यातले निम्मे प्रश्न "फॉन्ट कन्व्हर्ट करून द्या" असे असतात, आणि त्यातल्या बहुतेकांना फॉन्ट नव्हे, मजकूर बदलून हवा असतो. हा घोळ एकदा सुटला की बाकीचं सोपं आहे. घाई असेल त्यांनी थेट प्रश्न ५ वर जावं.

१. टीटीएफ, ओटीएफ, वॉफ ही काय भानगड आहे? कोणती फाइल घ्यावी?

फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षरांच्या बाह्यरेषा असतात आणि सोबत काही तक्ते असतात. कोणत्या क्रमांकाला कोणता आकार दाखवायचा, कोणती अक्षरं शेजारी आली की कोणतं जोडाक्षर घ्यायचं, मात्रा-अनुस्वार नेमका कुठे बसवायचा, हे त्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. टीटीएफ म्हणजे ट्रूटाइप. ॲपलने ते १९९१ साली मॅकवर आणलं, पुढच्या वर्षी ते विंडोज ३.१ मध्ये आलं. ओटीएफ म्हणजे ओपनटाइप, १९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि ॲडोबीने मिळून जाहीर केलेलं. वॉफ आणि वॉफ२ हे वेबसाइटसाठी दाबून लहान केलेले फॉन्ट. टीटीसी म्हणजे एकाच फाइलीत बांधलेले अनेक फॉन्ट. पीएफबी आणि पीएफएम अशी जोडी दिसली तर तो जुना टाइप १ फॉन्ट. ॲडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमधून त्याचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला.

दुकानातल्या कामाला टीटीएफ घ्या. जुन्या मशीनवर तोच सगळ्यात कमी त्रास देतो.

२. फॉन्ट इन्स्टॉल न करता नुसता पाहता येतो का?

येतो. विंडोजमध्ये टीटीएफ किंवा ओटीएफवर डबल क्लिक केलं की नमुना उघडतो. पण तिथे बहुधा इंग्रजी वाक्य दिसतं, त्यावरून देवनागरीचा अंदाज येत नाही. जोडाक्षरं तपासायची तर फॉन्ट इन्स्टॉल करून एक परीक्षेची ओळ टाइप करा. मी ही वापरतो: "वाऱ्यावर, कर्तृत्व, उद्ध्वस्त, श्रीक्षेत्र, हृदय, वाङ्मय, ज्येष्ठ, लक्ष्मी." या ओळीत तुटला नाही तो फॉन्ट पत्रिकेत सहसा तुटत नाही.

३. "ही वैध फॉन्ट फाइल नाही" असं येतं. फाइल खराब आहे का?

असेलच असं नाही. बऱ्याचदा झिप न सोडवता आतूनच क्लिक केलेलं असतं. आधी सगळं बाहेर काढा. दुसरं कारण, डाउनलोड करताना फॉन्टऐवजी वेबसाइटचं पानच सेव्ह होतं आणि त्याला टीटीएफ नाव मिळतं. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की लगेच कळतं. तिसरं कारण, वॉफची फाइल नाव बदलून टीटीएफ केलेली असते (प्रश्न ९ पहा).

एक काळजी घ्या. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे "लग्नपत्रिका.टीटीएफ" दिसणारी फाइल खरं तर "लग्नपत्रिका.टीटीएफ.ईएक्सई" असू शकते. व्ह्यू मेनूतून फाइलची पूर्ण नावं दिसतील असं करून ठेवा. फॉन्ट कधीच ईएक्सई नसतो. "फुकट पाचशे मराठी फॉन्ट" असा गठ्ठा व्हॉट्सॲपवर फिरत आला तर हे आधी पाहा.

४. फॉन्ट इन्स्टॉल झाला, वर्डमध्ये दिसतो, पण पेजमेकर किंवा जुन्या कोरलमध्ये दिसत नाही.

विंडोज १० पासून नुसतं इन्स्टॉल म्हटलं की फॉन्ट फक्त त्या लॉगिनपुरता बसतो आणि वेगळ्या फोल्डरमध्ये जातो. जुनी सॉफ्टवेअर तिकडे बघतच नाहीत. फाइलवर राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स" निवडा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

तरीही नाही दिसला तर नावाचा घोळ असतो. फाइलचं नाव एक आणि फॉन्टच्या पोटातलं नाव दुसरं. यादीत पोटातलं नाव दिसतं. दोन वेगवेगळ्या सीडींवरून आलेल्या दोन फॉन्टचं पोटातलं नाव एकच असेल तर दोघांपैकी एकच दिसतो, आणि ऑपरेटर "कालच तर होता" म्हणत शोधत बसतो. जुना काढा, मग नवा टाका.

५. जुनी फाइल उघडली की इंग्रजी गिचमिड दिसते. फॉन्ट कन्व्हर्ट करून मराठी येईल का?

फॉन्ट कन्व्हर्ट करून येणार नाही.

कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे डीव्हीबी-टीटी फॉन्ट हे सगळे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक.) त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव ०१० मध्ये "राम" टाइप केलं तर फाइलीत मराठी काहीच साठत नाही. साठतात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. जे च्या जागी र चं चित्र, के च्या जागी काना, ई च्या जागी म. फॉन्ट काढून घेतला की खाली जे-के-ई उघडं पडतं. तीच तुमची गिचमिड.

त्यामुळे दोनच रस्ते आहेत. मजकूर नुसता वाचायचा किंवा छापायचा असेल तर जो फॉन्ट वापरला होता नेमका तोच मिळवून इन्स्टॉल करा. मजकूर शोधायचा, व्हॉट्सॲपवर पाठवायचा, सरकारी पोर्टलवर भरायचा असेल तर मजकूरच युनिकोडमध्ये बदला (प्रश्न ७).

याचा चटका २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा बसला. लेटरहेड, पावत्या, शिक्के यांत "उस्मानाबाद" शोधून "धाराशिव" घालायचं काम एका झटक्यात व्हायला हवं होतं. पण कृतिदेवमध्ये "धाराशिव" म्हणजे तिरपी रेघ, के, के, जे, के, एफ, अवतरणचिन्ह, के, ओ. श्रीलिपीत तोच शब्द वेगळ्याच चिन्हांत, डीव्हीबीत तिसऱ्याच. प्रत्येक फॉन्टच्या फाइलीत वेगळा शोध घ्यावा लागला. एक्सेलमधल्या याद्या अकारविल्हे लागत नाहीत त्याचंही मूळ हेच: एक्सेल बिचारं जे आणि के यांचा क्रम लावतं.

६. पण श्रीलिपीचा एखादा फॉन्ट फार आवडतो. त्याच फाइलचा युनिकोड फॉन्ट बनवता येणार नाही का?

आकार उचलून नव्या जागी बसवता येतात, पण त्याने युनिकोड फॉन्ट होत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अर्धा क, रफार, उकार असे सुटे तुकडे असतात आणि ते कुठे ठेवायचे हे टाइप करणाराच ठरवतो. युनिकोडमध्ये हे काम फॉन्टमधले तक्ते करतात. ते तक्ते जुन्या फाइलीत नाहीतच, सगळे नव्याने लिहावे लागतात. म्हणजे नवा फॉन्ट घडवण्याइतकंच काम, शिवाय मालकी दुसऱ्याची (प्रश्न १५). आणि एवढं करूनही तुमच्या जुन्या फाइली त्यात वाचता येणार नाहीत, कारण त्यांत अजून जे-के-ईच आहे.

७. मग मजकूर कन्व्हर्ट करताना काय काय चुकतं?

कन्व्हर्टर बरेच आहेत, फुकटचेही. आधी नेमका फॉन्ट कोणता ते ओळखा. कृतिदेवचा मजकूर श्रीलिपीच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर एका गिचमिडीची दुसरी होते.

ऱ्हस्व इकार आणि रफार इथे घोळ होतो. कृतिदेवमध्ये "कि" लिहिताना वेलांटी आधी दाबतात, मग क. युनिकोडमध्ये क आधी साठतो. कन्व्हर्टरला ती उचलून मागे न्यावी लागते, आणि वेलांटीपुढे जोडाक्षर आलं की साधे कन्व्हर्टर ती चुकीच्या जागी सोडतात. रफाराचं उलटं: टाइप करताना शेवटी, युनिकोडमध्ये आधी. "दुसऱ्या", "वाऱ्या" यांतला ऱ्य हमखास बिघडतो, कारण अनेक कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक सात-बाराची. मूळ फाइलीत ऑपरेटरने "7/12" साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं. कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकलं की कुठला फॉन्ट होता ही माहिती गळते. कृतिदेवमध्ये तिरपी रेघ म्हणजे अर्धा ध. बाहेर येतं "7ध्12". गट नंबर, क्षेत्र, रक्कम, इंग्रजी नावं, ईमेल यांची हीच गत. खरेदीखत, वाटणीपत्र, शपथपत्र असेल तर कन्व्हर्ट केल्यावर मूळ छापील कागद शेजारी ठेवून प्रत्येक आकडा ताडून पाहा. यात कंटाळा करू नका, पक्षकाराच्या जमिनीचा प्रश्न असतो.

८. युनिकोड मराठी पेजमेकरमध्ये पेस्ट केलं की प्रश्नचिन्हं येतात.

येणारच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, तीही २००१ ची, आणि त्याला युनिकोड कळत नाही. फॉन्ट बदलून उपयोग नाही. युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये उलटा कन्व्हर्टर वापरा किंवा पेजमेकर सोडा. इनडिझाइनमध्ये "वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर" निवडला नाही तर तिथेही जोडाक्षरं सुटी पडतात. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये तसाच पर्याय आहे. कोरलमध्ये ओपनटाइप धड चालायला एक्स६ आवृत्ती किंवा तिच्या पुढची लागते. स्क्राइबस आणि इंकस्केप फुकट आहेत आणि देवनागरी नीट दाखवतात. हात बसायला वेळ लागतो एवढंच.

९. टीटीएफचं ओटीएफ, वॉफ२ चं टीटीएफ कसं करायचं? नुसतं शेपूट बदललं तर?

शेपूट बदलून फाइलचं पोट बदलत नाही. टीटीएफला ओटीएफ नाव दिलं तरी विंडोज आतलं बघून ती चालवून घेतं, फायदा मात्र शून्य. वॉफला टीटीएफ नाव दिलं तर ती चालतच नाही.

टीटीएफ-ओटीएफ बदल फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतो: फाइल उघडा, "जनरेट फॉन्ट्स" निवडा, प्रकार सांगा. पण दोन्हींच्या वक्ररेषांचं गणित वेगळं आहे, त्यामुळे आकार किंचित हलतात आणि लहान टायपात अक्षर स्वच्छ दिसावं म्हणून घातलेल्या सूचना गळतात. गरज नसेल तर करू नका. ऑनलाइन कन्व्हर्टर तर कधी कधी जोडाक्षरांचे तक्तेच टाकून देतात. इंग्रजी फॉन्टला ते खपून जातं, आपल्या लिपीत "क्षेत्र"चे चार तुकडे होतात. बदलल्यावर प्रश्न २ मधली ओळ टाइप करून पाहा.

वॉफ२ उलगडून टीटीएफ मिळतं. पण गूगल फॉन्ट्ससारख्या ठिकाणी वेबसाइटला जाणारी फाइल लिपीनुसार तोडलेली असते. एकीत फक्त देवनागरी, दुसरीत फक्त रोमन. तोडकी फाइल उलगडण्यापेक्षा तिथूनच अख्खा फॉन्ट डाउनलोड करा.

१०. डाउनलोड केलेल्या फॉन्टमध्ये ठळक, बारीक असे प्रकार दिसत नाहीत. एकच फाइल आहे.

तो व्हेरिएबल फॉन्ट आहे, सगळी वजनं एकाच फाइलीत. बलू २ तसाच येतो. जुन्या सॉफ्टवेअरला त्यातलं एकच वजन दिसतं. झिपमध्ये "स्टॅटिक" नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या सुट्या फाइली इन्स्टॉल करा.

११. फॉन्टमध्ये ₹ नाही. स्वतः घालता येईल का?

येईल, आणि फॉन्ट संपादन शिकायला याहून चांगलं पहिलं काम नाही. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत ते नाहीच.

फॉन्टफोर्ज फुकट आहे. मूळ फॉन्टची प्रत काढून ती उघडा. दुसऱ्या खिडकीत ₹ असलेला मुक्त परवान्याचा फॉन्ट उघडा. आता "फॉन्ट इन्फो"मध्ये दोघांचं एम साइज (अक्षर ज्या चौकटीत काढतात तिचं माप) पाहा. एकाचं १००० आणि दुसऱ्याचं २०४८ असेल तर आधी सारखं करून घ्या, नाहीतर चिन्ह शेजारच्या आकड्यांच्या निम्मं किंवा दुप्पट दिसेल. मग ₹ ची चौकट कॉपी करून आपल्या फॉन्टमध्ये यू+२०बी९ (₹ चा युनिकोड क्रमांक) या जागी पेस्ट करा. डबल क्लिक करून आकार उघडा. आडव्या रेघांची जाडी तुमच्या फॉन्टच्या आकड्यांशी जुळते का पाहा, कडेचे बिंदू धरून ओढा, रुंदी आकड्यांइतकी ठेवा म्हणजे बिलाच्या रकान्यात रकमा सरळ राहतील. "रिमूव्ह ओव्हरलॅप" आणि "करेक्ट डायरेक्शन" चालवा, नाहीतर छापताना आकाराच्या पोटात पांढरे डाग येतात.

शेवटी फॉन्टचं पोटातलं नाव बदला. हे विसरलात तर प्रश्न ४ मधला घोळ तुम्हीच तयार केलात. मग "जनरेट फॉन्ट्स". फॉन्टफोर्जची स्वतःची एसएफडी फाइलही जपून ठेवा, पुढची दुरुस्ती तिच्यातच करायची.

जुन्या कृतिदेव-श्रीलिपीत मात्र यू+२०बी९ चा उपयोग नाही, एखादी रिकामी जागा बळकवावी लागते. मग फाइल दुसऱ्या छापखान्यात गेली की तिथे ₹ गायब. माझं मत: तिथे फॉन्टला हात लावू नका, नुसतं ₹ वेगळ्या फॉन्टमध्ये घ्या.

१२. "ॲड." लिहिलं की चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ येतं. वकिलांच्या पाट्या अडतात.

ॲ दोन प्रकारे लिहिला जातो. एक, स्वतंत्र अक्षर यू+०९७२, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टांत त्या जागी चौकोन दिसतो. दुसरा, अ वर चंद्र ठेवून केलेला. काही प्रणाली तो चूक मानून ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतात. फॉन्ट नवा असेल तर पहिला वापरा. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना कम्प्युटर त्यांना वेगळं धरतो, म्हणून एका फाइलीत एकच पद्धत ठेवा.

१३. ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शाळेचे मास्तर पत्रिका परत पाठवतात.

मास्तरांचं बरोबर आहे. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श पुष्कळ फॉन्टांत आत असतात, फक्त भाषा मराठी आहे हे फॉन्टला कळावं लागतं. नोटो सॅन्स देवनागरीत तशी सोय आहे. लिबरऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा, वेबपानावर भाषेचा कोड मराठीचा द्या, आकार आपोआप बदलतात. सॉफ्टवेअर भाषेकडे लक्षच देत नसेल, आणि परवाना परवानगी देत असेल, तर फॉन्टफोर्जमध्ये मराठी ल-श चे आकार मूळ जागी आणून बसवा. नाव बदलायचं, ते आलंच.

१४. पीडीएफमधून फॉन्ट काढून घेता येईल का? आणि छापखान्यात फाइल पाठवताना फॉन्ट द्यावा का?

पीडीएफमध्ये बहुधा अख्खा फॉन्ट नसतो, त्या कागदावर वापरलेल्या अक्षरांचाच तुकडा असतो. पत्रिकेत "झ" आला नसेल तर त्यात "झ" नाही. काढून टाइप करण्याजोगं काही हाती लागत नाही. फॉन्ट कोणता ते कळायला पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी पाहा, आणि तो रीतसर मिळवा.

छापखान्याला फॉन्ट देण्याऐवजी कोरलमध्ये कंट्रोल-क्यू करून मजकुराच्या रेघा करा आणि ती प्रत पाठवा. मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. रेघा झालेल्या फाइलीत मुहूर्ताची वेळ बदलता येत नाही, आणि मुहूर्ताची वेळ नेहमी शेवटच्या दिवशीच बदलते.

१५. फॉन्ट बदलणं, वाटणं कायदेशीर आहे का?

परवान्यावर अवलंबून. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सचे फॉन्ट (मुक्ता, बलू, नोटो) वापरा, बदला, वाटा. नुसता फॉन्ट म्हणून विकू नका आणि नाव राखीव असेल तर बदललेल्या प्रतीला ते देऊ नका. विकतचे फॉन्ट बदलायला किंवा मित्राला द्यायला सहसा परवानगी नसते. फॉन्टच्या पोटात पीडीएफमध्ये घालायला चालेल का याचीही खूण असते. काही फॉन्ट पीडीएफ करताना अडतात ते त्यामुळे. ती खूण फॉन्टफोर्जमध्ये बदलता येते म्हणून बदलायची असते असं नाही.

१६. पत्रिका मराठी आणि उर्दू दोन्हीत हवी आहे. इनपेजची उर्दू कोरलमध्ये येत नाही.

संभाजीनगर, परभणी, नांदेडकडून हा प्रश्न कायम येतो. इनपेज हे उर्दू टाइप करायचं सॉफ्टवेअर. जुन्या इनपेजचा मजकूर युनिकोड नाही, म्हणजे प्रश्न ५ चीच कथा. इनपेज ३ पासून युनिकोड आलं. नस्तलीक ही उर्दू लिहिण्याची शैली तिरकस उतरत जाते, म्हणून तिचा फॉन्ट देवनागरीहूनही अवघड. १९८१ च्या नूरी नस्तलीकमध्ये तर जोडांचे हजारो तयार आकार आहेत. युनिकोडसाठी नोटो नस्तलीक उर्दू घ्या, ओळींमध्ये जास्त जागा सोडा आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाकडून प्रूफ तपासून घ्या. देगलूर-धर्माबादकडच्या तेलुगू पत्रिकांना इतका त्रास नाही. विंडोजमधला निर्मला यूआय तेलुगूही दाखवतो.

१७. मोडी फॉन्ट टाकला तर आजोबांच्या काळातला कुणबी नोंदीचा कागद वाचता येईल का?

नाही. २०२३ पासून हा प्रश्न फार वाढला आहे. स्कॅन केलेला कागद म्हणजे चित्र. त्यावर कुठलाही फॉन्ट लागू होत नाही. मोडी वाचणारा माणूसच लागतो, आणि निजाम काळातल्या पुष्कळ नोंदी उर्दूत आहेत, तिथे मोडीवालाही उपयोगाचा नाही. मोडी फॉन्ट लिहायला कामाचा. मोडी युनिकोडमध्ये २०१४ ला आली. नोटो सॅन्स मोडीत ती टाइप होते, पण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे चौकोन दिसतील. देवनागरीच्याच जागांवर मोडीचे आकार बसवलेले फॉन्टही फिरतात. त्यांत टाइप केलेला मजकूर आतून देवनागरीच असतो, फॉन्ट काढला की देवनागरी दिसते.

१८. मॅकवरून पेनड्राइव्हमध्ये आणलेला फॉन्ट शून्य केबी दाखवतो.

जुन्या मॅक फॉन्टचा सगळा ऐवज फाइलच्या एका वेगळ्या कप्प्यात असतो, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवर तो कप्पा सुटून जातो. ती प्रत फेकून द्या, त्यातून काही निघणार नाही. मूळ मॅकवरच फॉन्टफोर्जने टीटीएफ करून घ्या, आणि विंडोजवर आल्यावर आधी फाइलचा आकार पाहा, मगच मॅकवाल्याला जाऊ द्या.